'निरंक' आणि दुपारचे बारा

अर्जाचा एकही रकाना कोरा सोडायचा नाही, ही शिस्त मला लोकांचे अर्ज लिहून देण्याचा धंदा शिकवणाऱ्या माझ्या उस्तादांनी लावली. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचे दफ्तर उर्दूतून मराठीत येऊ लागले, तेव्हा कोऱ्या जागेत मागाहून कोण काय भरतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून लिहिण्याजोगे काही नसेल तिथे 'निरंक' लिहावे, असा त्यांचा दंडक होता. मी नववीनंतर शाळा सोडली. पण औरंगपुऱ्यातल्या माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज परत आल्याचे कोणास आठवत नसे. पुढे टंकयंत्र गेले, संगणक आला. 'निरंक' मात्र मी सोडले नाही.

एका उन्हाळ्यात पाचोडचे एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीला इथल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता; अडले होते ते मुलींच्या वसतिगृहातल्या जागेवर.

"मुन्शीजी, जागा भेटली तर शिकंल ही," बाप म्हणाला. "रोजचं येणं-जाणं लई लांब पडतंय. घरात आधीच सगळे नको म्हणायलेत."

मी अर्ज संगणकावर भरला. 'पूर्वीचा वसतिगृह प्रवेश क्रमांक' असा एक रकाना होता. मुलगी नवी, तेव्हा मी तिथे 'निरंक' लिहिले आणि अर्ज रवाना केला.

सोमवारी दुपारी यादी लागली. मुलीचे नाव 'नामंजूर' या सदरात होते. शेवटची यादी गुरुवारी लागायची होती. नवा अर्ज केला तर क्रम सर्वांच्या शेवटी जाई, आणि जागा तितक्या नव्हत्या.

"काका, तुम्ही तर म्हणला होता तुमचा अर्ज परत येत नाय," मुलगी म्हणाली.

"गप गं," बाप म्हणाला. पण बघत होता माझ्याकडेच.

मी तडक वसतिगृहाच्या कचेरीत गेलो आणि यंत्राच्या बेभरवशीपणावर दोन शब्द सुनावले. तिथली संगणक सांभाळणारी तरुण बाई शांतपणे ऐकत राहिली. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, इथं आकडा पाहिजे. तुम्ही 'निरंक' लिहिलंय."

"वर्षानुवर्षे लिहितो आहे. आजवर कधी अडले नाही."

"अडायचं. तुम्हाला दिसायचं नाही. खिडकीवरचे बाबू अर्ज घ्यायचे तेव्हा यंत्र विचारायचं, आकडा नाही, पुढं जाऊ का? बाबू 'हो' दाबायचे. यंदापासून सोमवारी आणि गुरुवारी दुपारी बाराला यंत्र एकटंच सगळे अर्ज, आधी नामंजूर झालेलेसुद्धा, तपासतं. प्रश्न तोच विचारतं. उत्तर द्यायला कुणी नसतं. मग ते 'नाही' धरतं."

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षे एक बाबू माझ्या प्रत्येक 'निरंक'साठी एक कळ दाबत होता, आणि मी ती माझी कीर्ती समजत होतो.

"मग एकटे असताना त्याने विचारूच नये," मी म्हणालो.

"आणि काय करावं?"

"बाजूला ठेवावे. माणूस आला की त्याच्यापुढे ठेवावे. समोर माणूस असेल तर विचारणे योग्य. कोणी नसताना विचारून स्वतःच 'नाही' म्हणणे हा न्याय नव्हे."

ती हसली. "बदल एका दिवसात होईल, काका. पण साहेबांची लेखी परवानगी लागते. लिहून देता?"

लिहिणे हा माझा धंदा. पण तो अर्ज मी तीनदा फाडला. समोर माणूस असताना यंत्राने काय करावे आणि एकटे असताना काय, हा फरक कागदावर लगेच उतरला. अडत होते ते एक वाक्य. ते गाळले तर साहेब चूक मुलीचीच धरणार, हे मला दिसत होते. अखेर लिहिले: 'सदर रकान्यातील शब्द अर्जदाराने नव्हे, तर खाली सही करणाराने आपल्या सवयीने लिहिला आहे.' खाली सही केली.

साहेबांनी वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि शेरा मारला: 'योग्य. मुदतीत करावे.'

गुरुवारी आम्ही तिघे फलकासमोर उभे होतो. बारा वाजून गेल्यावर यादी लागली. 'मंजूर' आणि 'नामंजूर' यांच्यामध्ये प्रथमच तिसरे सदर होते, 'तपासणीसाठी राखून'. त्यात अकरा नावे होती. चौथे तिचे.

"हे पास का नापास?" बापाने विचारले.

"अजून दोन्ही नाही," मी म्हणालो. "आता माणूस बघणार आहे."

मग खिडकीवर बाबूंनी त्यातला एकेक अर्ज उघडला. तिचा अर्ज आला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मुन्शीजी, तुमचंच अक्षर दिसतंय." संगणकात कसले आले अक्षर! पण त्यांनी कळ दाबली आणि मुलीला जागा मिळाली. बापाने माझे दोन्ही हात धरले.

पुढच्या वर्षी वसतिगृहातल्या जागेच्या मुदतवाढीच्या अर्जासाठी मुलगी एकटीच आली. माझ्या बाजूची खुर्ची ओढून तिने संगणक आपल्याकडे फिरवला.

"काका, तुम्ही नुसतं बघा."

त्या रकान्याशी आल्यावर ती थांबली, माझ्याकडे पाहून हसली आणि वसतिगृहाच्या ओळखपत्रावरचा प्रवेश क्रमांक एकेक आकडा मोठ्याने म्हणत तिने टाकला. मी तो ओळखपत्रावर ताडून पाहिला. बरोबर होता.