पुढच्या डब्यात गेलेली बाई

टार्निट या उपनगरातून शहरात जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनने ती रोज माझ्या समोर बसून यायची. बोलणं पुणेरी, मांडीवर बॅग, सफरचंद खाताना हातात टिश्यूची चौकोनी घडी. वर्षभर गप्पा झाल्या, नावं मात्र विचारायची राहून गेली. ती एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, टेंडर विभागात होती.

त्या कौन्सिलने लायब्ररींच्या सफाईचं टेंडर काढलं. माझी सहा जणांची कंपनी. काम मिळालं असतं तर कुणाला कमी करावं लागलं नसतं. मी ट्रेनमध्ये सहज विचारलं, "खिडक्या बाहेरूनही पुसायच्या का? कागदांत स्पष्ट नाहीये."

तिने अर्धं सफरचंद टिश्यूत गुंडाळलं. "पोर्टलवर विचारा. उत्तर सगळ्यांना जाईल," म्हणाली आणि उठून पुढच्या डब्यात गेली.

मला ते लागलं. तरी पोर्टलवर विचारलं. दुसऱ्या दिवशी टेंडर भरणाऱ्या सगळ्यांना उत्तर आलं, प्रश्न कुणाचा ते न सांगता. पुढे दोन महिने ती पुढच्याच डब्यात बसली. प्लॅटफॉर्मवर दिसलो तर मान वळवायची.

काम दुसऱ्याला गेलं. शुक्रवारी मी दोन माणसांना कमी केलं. सोमवारी ती समोर येऊन बसली.

"राग आला असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही अनोळखी असतात, तर मी जागेवरून उठलेही नसते."

त्या दोघांचं तिला सांगावं, असं ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. तिच्या जागी मी असतो, तर ओळखीच्या माणसाला उत्तर देऊन मोकळा झालो असतो, एवढं मला कळत होतं.