कापलेली ओळ

हुबळीत कोप्पीकर रोडवर माझ्या याद्या लॅमिनेट करून देणारे अण्णा मूळचे कारवारचे. कागद पूर्ण वाचल्याशिवाय ते मशीनमध्ये घालत नाहीत. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. मला त्याचा राग यायचा. माझ्या यादीत चूक कशी असेल?

गेल्या महिन्यात कारवारच्या सहलीची यादी दिली. अण्णा मध्येच थांबले.

"अक्का, पौर्णिमेला अकरा वाजता सासूबाईंना खडकावर जेवायला बसवणार?"

"मागच्या वेळी भरती बघितलीय मी. पाणी खडकाच्या खालीच राहतं."

"ती रोजची भरती. पौर्णिमेला उधाण असतं, ते खडकावरून जातं."

"उधाण म्हणजे भरतीच की, अण्णा."

"तुम्ही हुबळीच्या," एवढंच म्हणत त्यांनी कात्रीने ती ओळ कापून टाकली आणि उरलेली यादी लॅमिनेट करून दिली.

पौर्णिमेला आम्ही किनाऱ्यावरच्या देवळाच्या वरच्या पायरीवर डबे उघडले. बघता बघता समोरचा खडक दिसेनासा झाला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"जागा बरी निवडलीस हो," त्या म्हणाल्या.

यादीतल्या कापलेल्या जागेवर अंगठा ठेवून मी म्हटलं, "आधीच ठरवलं होतं."