रविवारचा इंग्रजी फोन

 पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण मला खरी भीती वाटली ती एका पोरीचं स्वच्छ, न अडखळणारं इंग्रजी ऐकून.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बाजाराचा दिवस, निम्मी माणसं बंदोबस्ताला गेलेली. शेळ्या-मेंढ्या राखणारी एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. मागून नवरा आला, चिडलेला. त्यांची मुलगी बी.कॉम. झालेली. तालुक्याला नोकरीच्या इंग्रजीचा क्लास केला, बायोडाटा, इंटरव्ह्यू सगळं शिकली, निवड झाली आणि परराज्यात ट्रेनिंगला गेली. दर रविवारी तिचा फोन येत होता. मग तक्रार कसली, मी विचारलं.

"साहेब, लेकरू भिऊन राहिलं," बाई म्हणाली. "तिची शेळी गाभण ठिवून गेली ती. इतके फोन झाले, व्याली का न्हाई, हे एकदाबी इचारलं न्हाई."

नवरा म्हणाला, हिचं डोस्कं फिरलंय. कंपनीत इंग्रजीतच बोलायचा नियम आहे, आणि पोरगी अशी फाडफाड बोलते की तो फोन पारावर नेऊन स्पीकर लावतो. सारा गाव ऐकतो. वर रेकॉर्डिंग पाहुण्यारावळ्यांना ऐकवतो ते वेगळंच.

सज्ञान मुलगी, स्वतः फोन करते. बेपत्ताची नोंद करावी तर कशी? पण ती बाई काही हलेना. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि क्लासच्या सरांना चौकशीला बोलावलं.

सर कडक इस्त्रीत आले. कंपनीचं विचारलं की गोल गोल उत्तरं. एजंट ओळखीचा आहे, पोरांचं भलं होतंय, तुम्ही उगाच काळजी करता. मी दमदाटी केली नाही. दमदाटीने माणूस आधी खोटंच बोलतो, हा माझा अनुभव. मी फक्त बापाच्या फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं.

ट्रेनिंग छान चाललंय, सीनियर मदत करतात, असं मुलगी इंग्रजीत सांगत होती. सर कौतुकाने मान डोलवत होते. शेवटी ती म्हणाली, "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर?"

बापाने काही विचारलंच नव्हतं. मागे पारावर टाळ्या वाजल्या. इकडे सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

सरांनी सांगितलं, क्लासात त्यांची एक रीत होती. सरावाच्या मुलाखतीत एखादं पोरगं अडकलं, रडकुंडीला आलं, तर चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून त्याने हेच वाक्य म्हणायचं. सर समजून घेत आणि मुलाखत थांबवत. मी बाकीची रेकॉर्डिंग लावली. प्रत्येक फोनच्या शेवटी तेच वाक्य आणि नंतर टाळ्या.

"ती मला हाका मारून राहिली, साहेब," सर म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले.

एजंट शेजारच्या जिल्ह्यात सापडला. कोठडीत बोलला. फोनवरून लोकांना गंडवायचं काम होतं. खोल्यांना बाहेरून कुलूप. घरी फोन करताना पहारेकरी शेजारी बसून ऐकायचा, त्याला मराठी कळत नव्हती म्हणून बोलणं इंग्रजीतच. बोलणं पाठ झालेल्या पोरी येत्या सोमवारी देशाच्या सीमेपार जाणार होत्या, आणि तिथे आमचा हात पोचणार नव्हता. त्याला शहर माहीत होतं, घर नव्हतं. पथक रवाना केलं, तिकडच्या पोलिसांना कळवलं.

रविवार आला तरी घर सापडलं नव्हतं. आई, बाप आणि सर, तिघांना मी माझ्या खोलीत बसवलं. तिकडे फोन ऐकणाऱ्याला संशय आला तर पोरीचं काय करतील, हे मनात आणायचीही मला भीती वाटत होती. रिंग वाजली. पाठ केलेलं तेच बोलणं, पण आवाज बसलेला. शेवटी तेच वाक्य. बापाने फोन सरांपुढे धरला.

सर क्लासात म्हणायचे तेवढंच म्हणाले, "रिलॅक्स. टेक युवर टाइम."

  पलीकडून बारीक आवाज आला, "थँक यू, सर." फोन कटला. आई पदर तोंडात कोंबून बसली होती.

पोरगी हुशार. सोमवारी निघायच्या वेळी पोट धरून आडवी झाली, काही केल्या उठेना. गाडी दारातच खोळंबली. एजंटाने दिलेल्या नंबरावरून त्याच गाडीचा माग काढत पथक तिथे पोचलं. कुलूप तोडलं तेव्हा आत बऱ्याच पोरी होत्या.

ठाण्यात आणल्यावर महिला हवालदार जबाबाला बसली. काहीही विचारा, पोरगी ताठ बसून सांगायची, "आय एम फाइन, मॅडम." मी जबाब थांबवायला लावला. माणूस काय बोलतो ते मी उभी नोकरी लिहून घेत आलो. काय विचारायचं राहिलं, याकडे लक्ष द्यायला मला त्या बाईने शिकवलं.

बाई बाहेरच्या ओट्यावर करडू घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं. तिने करडू पोरीच्या मांडीवर ठेवलं. पोरीने त्याच्या कानांवरून हात फिरवला. मग तिचे ओठ हलले.

"कवा व्याली, माय?"

मी हवालदाराला म्हणालो, आता लिहा जबाब.