छातीभर पाण्यात पाय टेकताना

सुप्याच्या एका कारखान्यात मी तयार झालेले सुटे भाग तपासतो. काम अवघड नाही, पण आठ तास उभं राहून करायचं असतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि ही नोकरी त्या पदवीवरच मिळालेली. त्यामुळे गेल्या वर्षी कंबर धरली तेव्हा दुखण्यापेक्षा भीतीच जास्त वाटली. अर्धा तास उभा राहिलो की डाव्या पायाला मुंग्या यायच्या. साहेबांनी दोन महिने बैठं काम दिलं. चांगल्या मनानं दिलं, पण स्पष्टही सांगितलं, "त्यानंतरही लाइनवर उभं राहता आलं नाही, तर तुमच्या जागी दुसरा माणूस घ्यावा लागेल."

गावाकडच्या चुलतीनं लगेच उपाय केला. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाची लाथ लागली की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. तिनं तीनदा हलकेच पाय लावला आणि म्हणाली, "ल्हानपनी तुला लाथ घालायची राहून गेल्ती, आज जमलं बघ." सगळे हसलो. उसण मात्र होती तिथंच राहिली.

नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन इतक्यात नको म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. त्या पाठीच्या पेशंटना स्विमिंग टँकच्या उथळ बाजूला, छातीभर पाण्यात चालवत. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, मणक्यावर ओझं येत नाही, म्हणून जमिनीवर दुखतं ते तिथं जमतं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी मनात खूश झालो. पोहायला तर मला सहाव्या वर्षापासून येत होतं.

आणि तिथंच अडलं. पाणी छातीला लागलं की माझे गुडघे आपोआप वर यायचे, मान ताठ व्हायची, हात पाणी कापू लागायचे. 'चाला' म्हटलं की मी तरंगायचो. शेजारी चालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अहो, इथं बुडायचं म्हटलं तरी खाली बसावं लागेल!" तीन आठवडे असेच गेले. ताई पुन्हा पुन्हा सांगायच्या, "दादा, पाठ एवढी आवळून धरलीत तर उपयोग काय? पाय टेका. खाली फरशी आहे." मी हो म्हणायचो, आणि पाय पुन्हा वर. बैठ्या कामाचे दिवस संपत चालले होते.

एका गुरुवारी विहिरीची मोटर नगरला दुरुस्तीला टाकून वडील थेट टँकवरच आले. टोपी गुडघ्यावर ठेवून पायरीवर बसले.

"एवढ्या लांब येऊन पान्यात नुसतं हुबं ऱ्हायाचं? आपल्या म्हशी ह्येच करत्यात की."

ताई हसल्या. पण थोडा वेळ माझ्याकडे बघितल्यावर वडील गंभीर झाले. "त्याचा दोष न्हाई, ताई. मीच शिकवलंय त्याला."

मग त्यांनी सांगितलं, ते मी विसरलोच होतो. आमच्या विहिरीच्या तळाला गाळ, दगड आणि एक तुटका पाईप. माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून, कमरेचा दोर हातात धरून ते काठावरून ओरडायचे, 'पाय खाली सोडू नको!' वस्तीवरची सगळी पोरं अशीच शिकली. विहिरीत पोहणाऱ्याच्या लेखी पाण्याला तळ नसतोच.

वडील उठून टँकच्या काठाशी आले. "आरं, ही हिर न्हाई. खाली गाळ न्हाई, पाईप न्हाई. मी बघितलंय. टेक पाय."

मी पाय सोडला. आधी टाच लागली, मग तळवा. गार, गुळगुळीत फरशी होती. पाठीतलं काहीतरी सैल झालं.

"आता दुसरा," वडील म्हणाले.

त्या दिवसापासून मी चालू लागलो. पुढे, मागे, खेकड्यासारखा आडवा. काठ धरून पाय हलवायला शिकलो. मुंग्या आधी पोटरीतून गेल्या, मग फक्त मांडीपुरत्या उरल्या.

दोन महिने संपले आणि लाइनवर उभा राहिलो. जेवणापर्यंत ठीक होतं. नंतर कंबर बोलू लागली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पोट आत घेतलं, गुडघे सैल सोडले, भार या पायावरून त्या पायावर नेत राहिलो. शेवटच्या तासाला साहेब जवळ येऊन थांबले.

"स्टूल आणू का?"

नको म्हणायची फार इच्छा होती. तरी खरं तेच सांगितलं, "दहा मिनिटं बसतो सर, मग परत उभा राहतो."

त्यांनी स्वतःच स्टूल ओढून दिलं. सुटीची घंटा झाली तेव्हा मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या कामवाटपाच्या फळ्यावर माझं नाव होतं. त्याखाली साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दर दोन तासांनी दहा मिनिटं बसणे.' मी ते दोनदा वाचलं.

शेजारच्या मशीनवरचा मित्र मागून डोकावला. "सायबाला सांग की, माझं बी नाव लिव्हा म्हनावं. मला बी कंबर हाय!"