'विसरलो'चं बटण

या, असं जवळ सरकून बसा. मी एवढी गावाहून तुमच्या भेटीला आले, आणि दारातूनच "बरं आहे ना?" विचारून पळायचं, ही कुठली रीत शिकलात शहरात? तुमच्या शाळेतल्या गुरुजींची गोष्ट अशी उभ्या उभ्या सांगायची न्हाई.

आमच्या डोंगरकडा गावात कुणीही समोर आलं की गुरुजी आधी हात वर करायचे. "थांब, सांगू नको. मलाच आठवू दे." मग डोळे मिटून स्वतःच्याच कानाची पाळी पिळायचे. ज्यांचे कान त्यांनी वर्गात पिळले, ती पोरं आता लेकराबाळांची झालेली. हसू दाबून उभी राहायची. नाव आठवलं तर पाठीत धपाटा मिळे, न्हाई आठवलं तर चहा. काही वात्रट तर मिशी काढून येत, चहासाठी.

मग एकदा बाजारात गुरुजींनी सख्ख्या मेव्हण्याला विचारलं, "आपण कुठले?" शेजारी बाई उभ्या होत्या, म्हणजे त्यांच्या मंडळी. बाईंचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं. आमची घरं भिंतीला भिंत लागून; मला सगळं दिसायचं.

त्या दिवाळीला गुरुजींच्या पुण्याच्या पोरानं आपला जुना कॉम्प्युटर आणला, त्यात एक प्रोग्राम भरून दिला. फोटो समोर येतो, आपण नाव आठवायचं, मग 'आठवलं' नाहीतर 'विसरलो' दाबायचं. विसरलो म्हटलं की तो फोटो उद्या पुन्हा हजर. आठवलं म्हणत गेलं की आठवड्यानं, महिन्यानं, मग पार वर्षानं.

"आक्का, हा माझ्यापेक्षा शहाणा मास्तर," गुरुजी म्हणाले. "मी साऱ्या वर्गाला सारखंच घोकायला लावायचो. हा फक्त ढ पोरांना रोज उभं करतो."

त्यांनी गावाकडून फोटो मागितले. राशन कार्डाचं काम असंल म्हणून लोकांनी दोन-दोन प्रती दिल्या. लाईट गेली की गुरुजी तगमगायचे. "आजचे सगळे राहिले, आक्का. उद्या दुप्पट येतील."

मग गावात मानापमान सुरू झाले. "माझा फोटू सहा सहा महिने येत न्हाई, इतका पाठ हाय मी," एक जण मिरवायचा. गिरणीवाला रुसला. "माझा काहून रोज येऊन राहिला? मी काय इसरायच्या लायकीचा?"

एका दुपारी बाई माझ्याकडं आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आक्का, माझा फोटू रोज येतो वो."

"मशीन बिघडलं असंल," मी म्हटलं. लोणचं द्यायच्या निमित्तानं जाऊन गुरुजींच्या मागं उभी राहिले. बाईंचा फोटो आला. गुरुजींनी नाव घेतलं, "सुमन." हळूच, लग्नात घ्यावं तसं लाजून. आणि दाबलं मात्र 'विसरलो'!

"गुरुजी, ही लबाडी झाली!"

"लबाडीच. 'आठवलं' दाबलं तर हा तिला वर्षभर लांब ठेवतो. वर्षात माझं काय होईल, याला कुठं ठाऊक? म्हणून रोज बोलावतो तिला."

मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या रडल्या, हसल्या, चहात साखर जास्त पडली. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरातून गुणगुणणं ऐकू यायचं.

उन्हाळ्यात पुन्हा गेले. बाई आत विळीवर भाजी चिरत होत्या. पडद्यावर त्यांचाच फोटो. गुरुजींचं बोट बटणावर तसंच अडलेलं.

"गुरुजी?"

"आक्का," ते आवाज बारीक करून म्हणाले, "आधी खोटं दाबत होतो. आता खोटं का खरं, माझं मलाच कळंना झालंय."

आतला विळीचा आवाज थांबला.

त्या दिवसापासून बाई कप ठेवतानाही म्हणतात, "सुमननं चहा आणलाय बरं का." पाणी देतानाही तसंच. गुरुजी कधी मान हलवतात, कधी नुसतं बघतात.

त्या मशीनमध्ये तुम्हा सगळ्यांचे फोटो आहेत. तुम्ही त्यांचे लाडके, पटकन आठवायचे. म्हणून त्यानं तुम्हाला पार पुढच्या वर्षावर ढकललंय. त्या तारखेची वाट बघू नका, लेकरांनो. पोळ्याच्या आत गावाला या. उतरा माझ्याकडं, पण चप्पल आधी त्यांच्या दारात काढा.