एकाच भावाची तिफण

साधी बिजागरीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय न विकणारा मी माणूस, आणि सही करून बसलो ती भाव पक्का ठेवण्याच्या करारावर. गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालन्याच्या मस्तगड भागात माझा शेतीच्या अवजारांचा लहानसा कारखाना होता. बी आणि खत एकदम पेरणाऱ्या लोखंडी तिफणीचं पेटंट एका कंपनीकडे होतं. ती बनवायचा परवाना शहरात आम्हा चौघांना मिळाला. करार इंग्रजीत होता. मी न वाचताच पेढे वाटले आणि कंपनीनं कळवलेला भाव लावत गेलो.

पेरणीच्या तोंडावर कुंभार पिंपळगावची एक बाई चारही दुकानं पालथी घालून माझ्याकडे परत आली. "भाऊ, चौघं एकच भाव सांगून राह्यले. एका ताटात जेवता काय?"

माझं डोकं फिरलं. मी करार काढून तिच्यापुढे आपटला. सोबत तिचा भाऊ होता, शाळामास्तर. त्यानं शांतपणे वाचून सांगितलं की ठरल्या भावाखाली विकलं तर परवाना रद्द.

"म्हंजे तुमचंबी दावं दुसऱ्याच्याच हातात हाय," ती म्हणाली. शिवी दिली असती तर चाललं असतं, ती कीव मात्र झोंबली. तिफण न घेताच ती निघाली.

मास्तर मागे थांबला. "पेटंट असलं तरी चौघांचा भाव असा बांधता येत न्हाई. दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाला लिहितो. पण कराराची नक्कल लागंल."

नक्कल दिली तर कंपनीला कळून परवाना जाणार आणि माझे तीन कारागीर बसून राहणार. आठ दिवस मी बायकोवर आणि ऐरणीवर राग काढला. मग कागद मास्तरच्या हातात दिला.

परवाना गेलाच. दोन कारागीर शेजारच्या कारखान्यात लागले, तिसरा माझ्यासोबत विळे-कुऱ्हाडी करत राहिला. वर्षभरानं आयोगानं ते कलम रद्द केलं. माझा परवाना काही परत आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षीच्या पेरणीआधी बाईची बैलगाडी माझ्या दारात उभी राहिली. गाडीत शेजारच्या कारखान्यातली तिफण. "बराबर भाव पाडून आणली. पण फण ढिले हायेत. ते तुम्हीच बसवा."

मी बसवले. डोळे भरून येत होते म्हणून मान वर केली नाही. मजुरी दोन रुपये सांगितली.

"दीड," ती म्हणाली.

गेल्या वर्षी मला तिला जे म्हणता आलं नव्हतं, ते म्हणालो, "बरं, दीड."