रेतीवरची हॉटेलं

कपाशीनं सगळ्यांना रडवलं त्या वर्षांत एका शेतकऱ्यानं अकोल्यात, आमच्या घराखाली, टूरचं ऑफिस काढलं. बार्शीटाकळीचं वावर मात्र सोडलं नाही. वऱ्हाडी मंडळी जमवून तो श्रीलंकेला न्यायचा. मी शाळामास्तर; एकदा सुट्टी होती म्हणून मीही गेलो.

गाइड डावीकडचं देऊळ दाखवायचा तेव्हा हा उजवीकडच्या शेतात उतरलेला असायचा. ढेकूळ फोडायचं, हुंगायचं आणि बसमध्ये चढता चढता मातीचा निकाल द्यायचा. देऊळ सोडून सगळी बस त्याच्याकडे बघायची.

बेटाच्या आतल्या भाताच्या पट्ट्यात तो हरखलाच. "काय जमीन हाय बाप्पा!" तिथं राहायला धर्मशाळेसारखं एकच लॉज होतं आणि त्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. डोंगरातल्या चहाच्या मळ्यांत तो नुसतं "बरी हाय" म्हणाला. तिथली हॉटेलंही बरी होती. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मात्र हॉटेलांची रांग संपेना. गोरे लोक रेतीत खुशाल लोळत होते. आमची मंडळी समुद्राकडे धावली. हा बुटांसकट उभा राहून मुठीतली रेती बोटांतून सोडत राहिला.

"मास्तर, इथं तूर बी उगवत नाई, अन् हाटेलं पाहा!"

मी गमतीनं म्हटलं, "मग बांधा की एखादं तुमच्या वावरात."

त्यानं हात झटकले.

"कोन येईन तिथं? आपली माती लय चांगली हाय ना मास्तर. थेच तं चुकलं."